केमो चालू असताना आनंद झाला की अपराधी वाटतं का कुणाला?

अर्धविराम | सोमवार, पहाटे ३:१०

हा धागा काढू की नको असं आठवडाभर चाललं होतं. आज स्टेरॉइडची रात्र आहे (केमोबरोबर देतात, त्याने झोप उडते; ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे), डोळे टक्क उघडे, म्हणून शेवटी टंकायला बसले.

आधी माझं थोडक्यात. स्तनाचा कर्करोग, दुसरी स्टेज. ऑपरेशन झालं. मग केमोच्या लाल औषधाचे चार डोस, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं औषध, बारापैकी पाच झाले. केस गेले, भुवया जाण्याच्या बेतात आहेत, पायाची बोटं अधूनमधून बधिर होतात. बाकी ठीक.

निदान कळल्यावर पहिल्या पंधरवड्यात मला भेट म्हणून तीन 'कृतज्ञतेच्या वह्या' मिळाल्या. तीन! देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्यात वाद नाही. पण तेव्हा कशाबद्दल कृतज्ञ व्हायचं हेच कळेना. बायॉप्सीचा रिपोर्ट वेळेत आला म्हणून? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिन्ही वह्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर भिरकावल्या. ऑपरेशननंतर हात खांद्याच्या वर जाईना, त्यामुळे तो विषय आपोआप मिटला.

मग तो भिंतीचा व्यायाम सुरू झाला. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटांनी मुंगीसारखं वर चढत जायचं, पोचलो तिथे पेन्सिलीने खूण करायची. पहिली खूण माझ्या हनुवटीच्या रेषेत होती. सातव्या आठवड्यात एका दुपारी कपाटात दुसरंच काही शोधत होते, हात सहज वरच्या फळीवर गेला आणि हाताला वही लागली. वहीत काय लिहावं ते तेव्हाही सुचलं नाही. पण ती मी काढली होती, स्टूल न घेता, त्याच हाताने. खोलीत कुणी नसताना मी मोठ्यांदा "हॅ!" म्हणाले.

दुसरा प्रसंग पाण्याचा. लाल औषधाच्या तिसऱ्या डोसनंतर तोंडाची चव पार गेली. पाणी प्यावं तर जुनी नाणी भिजत घातल्यासारखं. बाराव्या की तेराव्या रात्री घशाला कोरड पडली म्हणून उठले, अंधारातच पेला भरला, आणि पाणी पाण्यासारखं लागलं. दुसरा पेला प्यायले. तिसरा प्यायले. सगळे गाढ झोपलेले आणि मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसतेय.

आणि पुढच्याच क्षणी आठवलं की वॉर्डात माझ्या शेजारच्या खुर्चीत जी बाई असायची, ती मागच्या दोन वेळा दिसली नाही. नर्सला विचारलं तर तिने विषय बदलला. त्यांना सांगता येत नाही, मला कळतं. पण मग ती तिथे नाही आणि मी इथे पाणी पिऊन हसतेय, हे बरं का?

'पॉझिटिव्ह राहा' या दोन शब्दांची मला अ‍ॅलर्जी आहे, तेव्हा तेवढं सोडून बोला. तुम्हाला असं होतं का? आणि झालं की त्याचं काय करता?


पायवाट | सोमवार, सकाळी ७:४५

+१००. मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा. आमच्या बाजूलाही हे अपराधीपण असतं, फक्त ते बोलून दाखवायची सोय नसते.

बायकोचं पेट-स्कॅन (कॅन्सर शरीरात कुठे आहे ते बघायची तपासणी) होतं. इंजेक्शन दिलं की तासभर गप्प पडून राहायचं असतं. हालचाल नको, बोलणं नको, सोबत कुणी नको. मी बाहेर बसलो होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ, त्यांचीही बायको आत. त्यांनी एक विनोद सांगितला, इतका भिकार की इथे लिहिण्यासारखा नाही. आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तेवढ्यात आतून माणूस आला आणि आम्ही दोघं शाळेत पकडलेल्या पोरांसारखे ताठ बसलो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तो विनोद सांग आधी." सांगितला. तिलाही भिकार वाटला.

आणखी एक. आम्ही वीस वर्षं संसार केला, पण चार-चार तास एका खोलीत, मोबाइल बाजूला ठेवून, नुसते शेजारी असे कधी बसलो नव्हतो. केमोच्या दिवशी बसतो. तो वेळ मला आवडतो. मात्र 'बघा, कॅन्सरने तुम्हाला जवळ आणलं' असं कुणी म्हणालं तर त्याला मी दाराबाहेर घालवून येईन. याची किंमत फार जास्त पडली. यापेक्षा बारा वर्षांपूर्वी कुणीतरी आमचे मोबाइल चोरले असते तर बरं झालं असतं.


सदानंदी | सोमवार, सकाळी ९:०२

अपराधी कशाला वाटायचं? आनंद हेच औषध! मन प्रसन्न असलं की पेशी बऱ्या होतात, हे आता विज्ञानानेही सिद्ध केलंय. रोज सकाळी आरशात बघून आजाराचे आभार माना, तो तुम्हाला काहीतरी शिकवायला आलाय. रडलात तर गाठ वाढते हे लक्षात ठेवा ताई.


मिणमिण | सोमवार, सकाळी ९:२०

आता हा धागा पेटणार.


आकडेमोड | सोमवार, सकाळी ११:३५

@सदानंदी, हेतूबद्दल शंका नाही, पण 'सिद्ध केलंय' म्हणालात म्हणून लिहितो. (मी लिम्फोमातून, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगातून, बाहेर पडून आठ वर्षं झाली. तेव्हा याच एका प्रश्नाने मला पोखरलं होतं, म्हणून मिळेल ते वाचून काढलं.)

२००७ साली डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेम्स कॉइन आणि सहकारी. मन प्रसन्न असणारे जास्त जगले का, तर नाही. मनःस्थिती आणि आयुर्मान यांचा काही संबंध सापडला नाही. त्याआधी १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्तनाच्या कर्करोगाच्या ५७८ स्त्रियांचा अभ्यास आला होता. त्यात 'लढाऊ वृत्ती' असण्या-नसण्याने पाच वर्षांत कुणाच्या जगण्या-मरण्यात फरक दिसला नाही. अगदी हताश झालेल्यांची बाजू थोडी पडती दिसली, हेही खरं, आणि म्हणूनच नैराश्य आलं तर त्यावर नीट उपचार घ्यायचे. पण 'रडलात तर गाठ वाढते' हे वाक्य कृपया कुठल्याही पेशंटला म्हणू नका. मला ते एका नातेवाइकाने म्हटलं होतं. त्यानंतर तीन आठवडे मला रडू आलं की मी घाबरून गळ्याला हात लावून गाठी मोजायचो.

आता कृतज्ञतेच्या वहीबद्दल. तिच्यावरही अभ्यास आहेत आणि ते खोटे नाहीत. २००३ मध्ये एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी मज्जातंतू-स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांना तीन आठवडे रोज कृतज्ञतेच्या गोष्टी लिहायला सांगितल्या. त्यांचा मूड सुधारला, झोप थोडी वाढली, सकाळी जरा ताजंतवानं वाटलं. बस, एवढंच. पण रात्री झोप न येणाऱ्याला 'एवढंच' हे किती मोठं असतं ते धागाकर्तीला पहाटे तीनला विचारा. मात्र झोप बरी लागणं वेगळं आणि गाठ विरघळणं वेगळं. लोक पहिल्यावरून उडी मारून थेट दुसऱ्यावर जातात, भांडण तिथे आहे.

आणि ज्यांना वही लिहायचीच आहे त्यांच्यासाठी: मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, आठवड्यातून तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज रतीब घातला की त्याचाही गृहपाठ होतो.


अर्धविराम | सोमवार, दुपारी १:१५

@आकडेमोड, गळ्याला हात लावून गाठी मोजणं वाचून पोटात तुटलं. आणि आठवड्यातून एकदा ही माहिती माझ्या तिन्ही वह्यांना कळवते.

@पायवाट, विनोद पाहिजेच. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


कडूनिंब | सोमवार, रात्री ११:५०

नावाला जागून लिहितो. मऊ मनाच्या लोकांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

मोठ्या आतड्याचा कर्करोग, यकृतात पसरलेला. चौथी स्टेज. पाचवी नसते, तेव्हा निदान बढती मिळण्याची काळजी मिटली. दोन वर्षं उपचार चालू आहेत आणि ते थांबणार नाहीत, औषधं बदलत राहतील.

मला राग येतो तो घंटेचा. उपचार संपले की वाजवायची असते ती. १९९६ साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन या कॅन्सर रुग्णालयात एका नौदल अधिकाऱ्याने स्वतःचं रेडिएशन संपल्यावर वाजवली. नौदलात काम फत्ते झालं की घंटा वाजवतात म्हणे, म्हणून. त्याचं ठीक होतं. पुढे ती जगभर पसरली. मी ज्या खोलीत केमो घेतो तिथून ती ऐकू येते. दर वेळी सगळे टाळ्या वाजवतात, मीही वाजवतो, एका हाताने मांडीवर, कारण दुसऱ्यात सुई असते. माझी घंटा वाजणार नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. माझे उपचार ज्या दिवशी संपतील त्या दिवशी टाळ्या वाजवण्यासारखं काही नसेल.

हे सांगायचं कारण असं की कृतज्ञतेवरचं बरंचसं लिखाण घंटा वाजवलेल्यांनी लिहिलंय. 'कॅन्सरने मला जगायला शिकवलं' हे वाक्य भूतकाळात लिहायला सोपं आहे.

आता धाग्याचा प्रश्न. होतो का आनंद? होतो. मला स्वतःला आश्चर्य वाटतं इतका होतो. माझ्या औषधात ऑक्झालिप्लॅटिन होतं तेव्हा थंड वस्तूला हात लागला की बोटांत करंट लागायचा. फ्रिज उघडायला हातमोजे. थंड घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा. ते औषध बंद केल्यावर बऱ्याच दिवसांनी एकदा विसरून फ्रिजमधली बाटली उघड्या हाताने उचलली. काही झालं नाही. फक्त गार लागली. मी ती बाटली गालाला लावून उभा राहिलो. मुलगी म्हणाली, "बाबा, काय करताय?" मी म्हणालो, "काही नाही, गार आहे." तिला वाटलं असेल, हा गेला कामातून.

पण त्याबद्दल कॅन्सरचे आभार? ज्याने खिसा मारला त्याने बसच्या तिकिटापुरते पैसे परत दिले म्हणून त्याला नमस्कार करायचा का?

मला आनंद होतो तो आजाराला न विचारता होतो, आणि राग येतो तोही. दोघं एकाच दिवशी येतात, कधी एकाच तासात. आनंदाला जागा करून द्यायची म्हणून रागाला हाकलून बघितलं. दोघंही गेले.

आणि अर्धविराम, त्या शेजारच्या बाईबद्दल. कदाचित मी तुमच्या हिशेबातली ती शेजारची खुर्ची आहे. म्हणून अधिकाराने सांगतो: तुम्ही पाणी पिऊन हसलात याने आमचं काहीही कमी झालं नाही. न हसलात तर मात्र ते पाणी फुकट गेलं.


पायवाट | मंगळवार, सकाळी ६:३०

@कडूनिंब, काय लिहू. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणतेय तुमचा खिसेकापू तिने उचललाय, आता रोज वापरणार.


चष्मा | मंगळवार, सकाळी १०:१०

एक तांत्रिक शंका, खवचटपणा नाही. कृतज्ञता म्हटली की ती कुणाप्रती तरी हवी. मी देव मानत नाही. नशिबाचे आभार मानावेत तर त्यानेच हा घोटाळा केला. डॉक्टर, नर्स, घरचे, हे झालं. त्यापुढे पत्ता कुणाचा लिहायचा?


मातीचावास | मंगळवार, दुपारी ४:४०

@चष्मा, पत्ते भरपूर आहेत, फक्त पत्रं पोचणार नाहीत. माझ्या आईच्या उपचारात मी दवाखान्यात बसून औषधांची कुळं शोधायचा नाद लावून घेतला. धागा भरकटतोय वाटलं तर अवांतर समजून सोडून द्या.

धागाकर्तीचं 'लाल औषध' म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते एका मातीतल्या जिवाणूचं लेकरू आहे. १९५० च्या दशकात इटलीतल्या शास्त्रज्ञांनी कास्तेल देल मोंते नावाच्या तेराव्या शतकातल्या किल्ल्याच्या परिसरातली माती तपासली, त्यात लाल रंग तयार करणारा जिवाणू सापडला. औषधाला अ‍ॅड्रियामायसिन म्हणतात ते जवळच्या अ‍ॅड्रियाटिक समुद्रावरून.

पॅक्लिटॅक्सेल हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यू झाडाच्या सालीतलं. ती साल पहिल्यांदा गोळा केली १९६२ मध्ये, एका सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने, शेकडो इतर झाडांच्या नमुन्यांबरोबर. त्याला काय माहीत कुठल्या पिशवीत काय आहे. साल काढली की झाड मरायचं, आणि ते वाढतं अतिशय सावकाश, म्हणून पुढे दुसऱ्या यूच्या पानांपासून औषध बनवायची पद्धत शोधावी लागली.

व्हिंक्रिस्टिन आपल्या सदाफुलीचं. हो, तीच, कुंडीतली. मादागास्करची मूळ रहिवासी. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात अजून तिच्यावाचून चालत नाही. आईच्या औषधांत हे नाव दिसल्यापासून मी सदाफुलीचं पान तोडलेलं नाही.

आणि मग माणसं. १९४७-४८ मध्ये बॉस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. ते औषध पुरवणाऱ्या गटाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या १६ पैकी दहा मुलांचा आजार हटला, आणि काही महिन्यांत परत आला. औषधाने आजार हटू शकतो एवढंच त्या मुलांमुळे जगाला कळलं. पुढच्या सगळ्यांना जे मिळालं ते त्यांना मिळालं नाही.

मी सगळ्यात जास्त हललो ते प्लेटलेटच्या पिशवीपाशी. आईच्या प्लेटलेट पडल्या होत्या, पिशवी लावली, फिकट पिवळी. मी नर्सला सहज विचारलं, या किती दिवस टिकतात. म्हणाली, साधारण पाच दिवस. म्हणजे याच आठवड्यात कुणीतरी आपलं काम सोडून, बाही वर करून, खुर्चीत बसलं होतं. परवा. फार तर तेरवा. तो माणूस त्या क्षणी बहुतेक रस्त्यात कुठेतरी वाहतुकीला शिव्या घालत असेल. मी पिशवीवरचा आकडा टिपून घेतला, नाव तर मिळणार नव्हतं. तो आकडा अजून पाकिटात आहे.


मिणमिण | मंगळवार, संध्याकाळी ५:०५

वाचनखूण साठवली. प्लेटलेट देता येतात का याची चौकशी करायला उद्या जातोय.


रात्रपाळी | मंगळवार, रात्री १०:२०

तीस वर्षं कॅन्सर वॉर्डात नर्स होते, आता निवृत्त. टेबलाच्या पलीकडून दोन गोष्टी सांगते.

लाल औषध ड्रिपमध्ये सोडून निघून जाता येत नाही. मोठ्या सिरिंजने हळूहळू द्यायचं, मधूनमधून मागे ओढून रक्त येतंय ना बघायचं, कारण ते शिरेबाहेर गेलं तर मांस जाळतं. म्हणून नर्स तिथे बसून राहते. दिवसभरात मला एका पेशंटजवळ खुर्ची ओढून बसायला मिळायचं ते तेवढंच. त्या दहा-पंधरा मिनिटांत मी लोकांच्या मुलांची लग्नं ठरलेली ऐकली, मोडलेली ऐकली. पेशंट मला 'थँक्यू सिस्टर' म्हणायचे. खरं तर बूड टेकायला मिळालं म्हणून मीच त्यांची ऋणी असायचे.

दुसरी गोष्ट जरा रागाची. कृतज्ञतेचा एक त्रास आम्ही बघितलाय, त्याचं नाव 'गुणी पेशंट'. सगळे एवढं करतायत माझ्यासाठी, आता आणखी कशाला त्रास द्या, म्हणून हा माणूस काही सांगतच नाही. माझ्या एका बाईंच्या सुईपाशी आग होत होती. त्या बोलल्या नाहीत. का, तर 'तुम्ही इतक्या प्रेमाने देत होतात, मध्येच कसं सांगू.' नशिबाने मला वेळेत दिसलं. अजून ते आठवलं की हात गार पडतात. आग झाली, टोचलं, वेगळं वाटलं, तर त्या क्षणी ओरडा. केमोच्या दिवसांत ताप ३८ अंश सेल्सिअसवर (फॅरनहाइटमध्ये १००.४) गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करा, सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी खाली असताना ताप ही थांबण्यासारखी गोष्ट नाही. 'मी मजेत आहे सिस्टर' म्हणणाऱ्याला मी नेहमी दोनदा तपासायची.

मी नोकरीला लागले तेव्हा ऑन्डॅनसेट्रॉन (ओकारी थांबवणारं औषध) नव्हतं, ते आलं १९९० च्या आसपास. त्याआधी सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घेणारी माणसं दिवसभर ओकायची. आम्ही तसराळी घेऊन खाटांमधून धावायचो. दवाखान्याच्या फाटकाशी येताच ओकारी काढणारे पेशंट होते, औषध आत, माणूस अजून बाहेर. हल्ली तरुण पेशंट ती छोटी गोळी घेतात आणि कुरकुरतात की बद्धकोष्ठ होतो. होतो, खरंय, कुरकुरा. पण मी ती गोळी बघितली की मनात हात जोडते.


पहिलादिवस | बुधवार, सकाळी ८:००

नमस्कार. उद्या माझा पहिला केमो. सगळा धागा दोनदा वाचला. मला कृतज्ञ वगैरे काहीच वाटत नाहीये, फक्त भीती वाटतेय. रात्री उलटसुलट विचार येतात, दिवसा कुणाशी बोलावंसं वाटत नाही. हे चालतं का?


कडूनिंब | बुधवार, सकाळी ८:१२

चालतं. भीती वाटायलाच हवी, विषय भीतीचाच आहे.


रात्रपाळी | बुधवार, सकाळी ८:४०

बाळा, चालतं. सैल बाह्यांचे कपडे घाल, पाणी भरपूर पी, आणि काय काय होतंय ते कागदावर लिहून ठेव, डॉक्टरांसमोर गेलं की सगळ्यांचंच डोकं कोरं होतं.

रात्रीच्या विचारांबद्दल मात्र सांगते. बऱ्याच ठिकाणी पेशंटला शून्य ते दहा असं मोजायला सांगतात, मनाचा त्रास किती. चार किंवा वर असेल तर त्यासाठी माणूस गाठायचा, मानसोपचाराचा किंवा समुपदेशनाचा. दोन आठवडे हेच राहिलं तर स्वतःहून सांग. मळमळीची गोळी मागतो तसंच मागायचं.


आकडेमोड | बुधवार, सकाळी ९:३०

@पहिलादिवस, रात्रपाळी यांना अनुमोदन. आणि 'पॅलिएटिव्ह' हा शब्द कुणी उच्चारला तर दचकू नका. तो शेवटच्या दिवसांपुरता नसतो, दुखणं, मळमळ, झोप, मन हे सगळं सांभाळणारी ती वेगळी टीम असते. २०१० मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर अभ्यास झाला होता. ज्यांना ही टीम निदानापासून मिळाली त्यांचे दिवस बरे गेले, नैराश्य कमी होतं, आणि ते साधारण पावणेतीन महिने जास्त जगले.


सदानंदी | बुधवार, दुपारी १२:१५

काल रात्री सगळं वाचलं. 'रडलात तर गाठ वाढते' हे मी माझ्या वहिनीलाही म्हटलं होतं. ती गेली दोन वर्षांपूर्वी. शेवटी माझ्यासमोर ती कधी रडली नाही, मला वाटायचं किती धीराची आहे.

एवढंच लिहायचं होतं.


अर्धविराम | बुधवार, दुपारी १२:३०

@सदानंदी, तुम्हाला व्यनि केलाय. वेळ मिळेल तेव्हा बघा. घाई नाही.


पायवाट | बुधवार, रात्री ९:००

@सदानंदी, आम्ही सगळ्यांनीच काहीबाही बोललेलं असतं हो. मी बायकोला पहिल्या आठवड्यात म्हणालो होतो, "केस काय, परत येतात." ती म्हणाली, "मग तू काप की." कापले. माझे परत आले नाहीत, वयच तसं.


अर्धविराम | शनिवार, सकाळी ११:००

सहावा झाला. उशिरा लिहितेय, मधले दोन दिवस हाडं दुखत होती.

वहीत पहिली नोंद केली, आठवड्यातून एकदाच्या हिशेबाने. नोंद अशी आहे: 'प्लेटलेटचा आकडा. गार बाटली. भिकार विनोद.' यातलं एकही माझ्या बाबतीत घडलेलं नाही, सगळं तुमचं ढापलंय.

आता वॉर्डातलं सांगते. शेजारच्या खुर्चीत परवा नवीन बाई होती. ती जुनी बाई आली नाही आणि मी या वेळी विचारलं नाही. नव्या बाईचा पहिलाच डोस, लाल औषधाचा. हातात सूचनांचा कागद, तो इतका घट्ट धरलेला की चुरगळून गेला होता. नर्स सिरिंज घेऊन तिच्याजवळ खुर्ची ओढून बसली तेव्हा मला आपल्या रात्रपाळीच आठवल्या. माझंही ड्रिप चालू होतं. मी म्हटलं, "थोड्या वेळाने लघवी लाल होईल. रक्त नाही, औषधाचाच रंग असतो. घाबरू नका." तिने मान हलवली, पण ऐकू गेलं असावं असं वाटेना.

तासाभराने ती सलाइनचा स्टँड ढकलत बाथरूमला गेली. दार लागलं. मिनिटभर शांतता. मग आतून आवाज आला, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा:

"अहो बाई! खरंच लाल!"

आमच्या रांगेतल्या पाचही खुर्च्या हसल्या. नर्सही हसली. ती बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते, आणि कागद मात्र कुठेतरी आतच विसरली होती.